टाळूवर चालणारे माग

सोलापुरात उन्हाळा येत नाही, तो इथंच राहतो. पावसा-थंडीत जरा भिंतीकडे सरकून बसतो आणि फाल्गुन संपायच्या आत परत खाटेवर पाय पसरतो. यंदाही पसरले. परवा गच्चीवर लुंगी वाळत घालायला गेलो तर पिळतापिळताच ती वाळली. दोरीपर्यंत नेली ती केवळ रीत म्हणून. आमच्या कॉलनीत एक पिवळं मांजर आहे, ते स्वतःच्याच सावलीत झोपतं, आणि सावली सरकली की डोळे न उघडता तिच्यामागं सरकतं. सरोज, म्हणजे आमची बायको, म्हणते की असलं मांजर कॉलनीत नाही. नसेल. ऊन मात्र आहे.

आणि असं ऊन पडलं की मला दुपारची झोप आठवते. लोकांना झोप येते, मला आठवते. कडक भाकरी ताकात मोडून खाल्ली, शेंगाची चटणी चाटून झाली, पंखा गरम वारा इकडून तिकडं नेऊन ठेवू लागला, की मी आडवा होतो आणि छताकडं बघत एखाद्या जुन्या मित्राची वाट बघावी तशी वाट बघतो. मित्र येत नाही. गेल्या वर्षी याच दिवसांत शेजारच्या खोलीत अक्का होती.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही साखर पेठेतले विणकर. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, बाजारात दखनी, आणि भांडताना तिन्ही. अक्का मला आजही ‘तम्मुडू’ म्हणते, धाकटा भाऊ. मी साठी ओलांडली, माझ्या मिशा पांढऱ्या होऊन गळायला लागल्या, तरी तिच्या तोंडी तम्मुडूच. तिचा एक दोष सांगून ठेवतो, पुढं उपयोगी पडेल: ती खोटं बोलत नाही. एक शब्द नाही. पाहुण्याकडं जेवायला गेली आणि आमटी आळणी निघाली, तर यजमानिणीच्या तोंडावर ‘आळणी आहे’ म्हणून मीठ मागते. आमच्या आईच्या पोटी एक सोनं निपजलं आणि एक मी.

माझ्या मोठ्या बोलण्याचं कारण मात्र मागांत आहे. आमचं साखर पेठेतलं घर अरुंद आणि लांब, इतकं लांब की पुढच्या दारात शिंकलं तर मागच्या दारातला माणूस जरा वेळानं ‘जियो’ म्हणायचा. पुढच्या खोलीत आजोबांच्या वेळचा हातमाग होता. नान्ना, म्हणजे आमचे वडील, मनात आलं की त्यावर बसायचे. त्याचा आवाज सावकाश, खटाक... आणि मग विचार करून, खट. मधल्या खोलीत दोन पॉवरलूम, त्यांची खटखटखटखट अशी की भिंतीवरच्या कॅलेंडरातले देवसुद्धा थरथरायचे. दोन्ही बाजूंना सुताच्या कोठ्या, तिथं कापसाच्या मऊपणात आवाज मरून जायचा. असल्या घरात लहान गोष्ट सांगितली तर ऐकूच येत नाही. ‘रस्त्यात साप दिसला’ म्हटलं तर कुणी मान वर करत नव्हतं. साप दोन तोंडांचा आहे, त्याला मिशा आहेत आणि त्यानं नान्नांचं नाव घेऊन विचारपूस केली, एवढं ओरडून सांगितलं की मग कुठं अम्मा, म्हणजे आमची आई, चरख्यावर सुताच्या कांड्या भरता भरता विचारायची, ‘काय म्हणाला?’

उन्हाळ्यातल्या दुपारी त्या घरात आम्ही झोपायचो कुठं, तर हातमाग आणि पॉवरलूम यांच्या मधल्या बोळात. शहाबादी फरशी. अम्मा आधी तिच्यावर पाणी शिंपडायची, मग आम्हाला दोघांना बसवून डोक्यात एरंडेल घालायची. ते तेल असं चिकट की एकदा माझ्या डोक्यावर माशी बसली ती शाळा सुरू होईपर्यंत आमच्या घरचीच झाली. अम्माचा हात डोक्यावर सगळीकडं सारखा चालत नसे. टाळूवर तळहातानं भरभर, थपथपथप. कपाळावर अंगठ्यानं सावकाश, भुवईपासून केसांपर्यंत, एकदा, मग थांबून परत एकदा. कानांच्या वर नुसतं पुसल्यासारखं. आणि शेवटी एकच शब्द, ‘पडुको.’ आडवा हो.

मग मी गोष्ट सुरू करायचो. नान्ना एका टोकाला खटाक, लूम दुसऱ्या टोकाला खटखट, आणि मधे मी, दोघांच्या वर आवाज चढवून, मिशाळ सापाला सिद्धेश्वराच्या तळ्यावर अंघोळीला नेत असायचो. अक्का डोळे मिटून ‘हं’ म्हणायची. हं. मग हं आणि हं यांच्यातलं अंतर वाढायचं. साप पाण्यात उतरायच्या आत अक्का गेलेली असायची. तिच्या पाठोपाठ मीही जायचो, सापाला काठावर बसवून. आजपर्यंत अक्कानं माझ्या एकाही गोष्टीचा शेवट ऐकलेला नाही. मीही नाही, कारण तो मी कधी रचलाच नव्हता.

खरी गंमत वीज गेल्यावर. खटखट एकदम थांबायची आणि अख्खी गल्ली जागी व्हायची. पाळण्यातली पोरं रडायला लागायची, म्हातारे उठून बसायचे, शेजारचे मामा उघड्या अंगानं दारात येऊन विचारायचे, ‘काय झालं? काय झालं?’ काहीच झालेलं नसायचं. शांतता झालेली असायची. वीज आली, माग सुरू झाले, की उभी असलेली माणसं उभ्याउभ्याच पेंगायला लागायची. आता हे उभ्याउभ्या जरा माझ्या पदरचं आहे. बाकी सगळं खरं.

एवढं असूनही आमच्या गल्लीतल्या प्रत्येकाचं स्वप्न एकच होतं: जिथं मागाचा आवाज येत नाही असं घर. लग्नाच्या बोलण्यांत मुलीचा बाप अभिमानानं सांगायचा, ‘त्यांच्याकडं झोपायच्या खोलीत काही ऐकू येत नाही.’ शांतता म्हणजे आमच्या लेखी सोन्याचा दागिना. मी माग चालवले नाहीत, चादरींच्या दुकानात उभा राहून जन्म काढला, बोलून बोलून चादरी विकल्या, आणि त्या बोलण्यातून विजापूर रस्त्याच्या पुढं हे घर बांधलं. काय शांत घर! मुंगीनं पाय आपटला तर आम्ही दचकून बघतो.

अक्काचे यजमान गेले. त्यांच्या मागच्या अंगणातले माग आधीच भंगारात गेले होते. मी गाडी घेऊन गेलो आणि तिला घेऊन आलो. पूर्वेकडची खोली दिली, दुहेरी काचेची खिडकी, जाड पडदे, दाराखालच्या फटीला पट्टी. तिला म्हटलं, ‘अक्का, आता झोप. जन्माची झोप काढ. इथं तुला कुणी उठवायचं नाही.’

अक्का झोपलीच नाही. रात्री नाही, दुपारी नाही. उन्हाळा भरात आला, आणि ती खाटेच्या कडेला पाय सोडून बसलेली असायची, डोळे लालभडक. एक दिवस म्हणाली, ‘तम्मुडू, तुझ्या घरात माझे कान दुखतात रे.’

आता कान दुखतात म्हटल्यावर मी काय करणार? कानाच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी दोन्ही कानांत बॅटरी मारली आणि कान निरोगी आहेत म्हणून सांगितलं. मी तिथून येताना खिडकीला तिसरा पडदा विकत घेतला. विणकराच्या पोरानंच करावी अशी ही चूक. बहीण कशानं उपाशी आहे ते न कळून मी ताट आणखी दूर सारत होतो.

तिसरा पडदा लागला त्या दिवशी अक्का म्हणाली, ‘व्यंकू बोलावतोय. मी भिवंडीला जाते.’

व्यंकू तिचा मुलगा. सोलापुरातले माग बंद पडले तसे आमच्यातले कितीतरी तिकडं गेले. त्याच्या घराखाली अजून लूम चालतात.

‘जा की,’ मी म्हटलं, ‘पण झोपेच्या डॉक्टरला एकदा दाखवू, मग जा.’ वरून हसलो. एका गावात राहून आम्ही भाऊबहीण चाळीस उन्हाळे फक्त सणाला भेटलो. तिचं घर, माझं दुकान. आता कुठं एका छताखाली आलो होतो. झोप लागली नाही तर ती जाणारच; जाते म्हणाली होती, आणि अक्का खोटं बोलत नाही.

झोपेच्या डॉक्टरांनी सांगितलं की रात्रभर दवाखान्यात झोपवून डोक्याला वायरी लावून बघू. अक्कानं त्यांच्या तोंडावर सांगितलं, ‘परक्या छताखाली मी रात्र काढणार नाही. दुपार पाहिजे तर काढते.’ डॉक्टर माझ्याकडं बघू लागले. मी म्हटलं, ‘साहेब, घ्या दुपार. ही बाई यमाशी पण वेळेवरून घासाघीस करणार आहे.’

वायरी लावायला होती ती कविता, वैरागची पोरगी, जिभेला धार. तिनं अक्काचं डोकं फितीनं मोजलं. नाकाच्या वरच्या खळीपासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत एक रेघ, या कानापासून त्या कानापर्यंत दुसरी, आणि दोन्ही जिथं मिळतात तिथं रंगीत पेन्सिलीनं खूण.

‘इथंच,’ अक्का म्हणाली.

‘काय इथंच, आजी?’

‘अम्मा इथंच तेल ओतायची.’

‘आज तेल नगा घालू बरं का. वायरी चिकटायच्या न्हाईत.’

कपाळावर, टाळूवर, मागं, कानांच्या वर, जागोजागी वायरी बसल्या. ताणा लावलेल्या मागासारखी दिसायला लागली अक्का. कविता तिला आतल्या खोलीत झोपवून आली. गार हवा, अंधार, आणि शांतता आमच्या घरापेक्षा भारी. आम्ही दोघं बाहेर पडद्यासमोर बसलो. डोक्यावरच्या एकेका जागेची एकेक रेघ पडद्यावर सरकत होती, बारीक, दाट, घाईची.

कवितानं एक बटण दाबलं आणि म्हणाली, ‘आजी, डोळं झाका. आन काका, तुमी गप बसायचं बगा. लई बोलताय तुमी.’

मी गप्प बसलो. इतका वेळ गप्प बसलो की माझी मला काळजी वाटायला लागली. आत अक्का टक्क जागी.

‘झोपत न्हाईत की वो आजी,’ कविता म्हणाली.

मी हळूच विचारलं, ‘गाव कुठलं म्हणालीस?’

‘वैराग.’

आता तुम्हीच सांगा, कुणी आपण होऊन हातात वैराग दिल्यावर मी काय करावं? ‘वैराग!’ मी म्हटलं. ‘अगं, मग आमची चादर तू बघितली असशील.’

‘कसली चादर?’

‘नान्ना एकदा अशाच उन्हाळ्यात मागावर बसल्याबसल्या झोपले. माग चालूच. चादर विणून होत गेली आणि कापायला कुणी नाही. उंबऱ्यातून बाहेर पडली, गल्लीतून रस्त्यावर आली. पोलिसानं हात केला, थांबली नाही. गाव सोडून बार्शीच्या दिशेनं निघाली, ते थेट वैराग.’

‘वैरागपतोर? आमच्यात न्हाय आली कवा.’

‘आली नाही कशी? बाजारात लोकांनी तिच्यावर ज्वारी वाळत घातली होती.’

‘आमच्या आज्ज्यानं सांगितलं असतं की.’

‘तो कसा सांगेल? तोच तिच्यावर झोपला होता.’

कविता हसली, आणि हसता हसता एकदम बोट वर केलं. मी थांबलो.

‘थांबू नगा!’ ती दबक्या आवाजात म्हणाली. ‘बोला. आजी चालल्यात.’

मघाशी दाबलेलं, आत आवाज पोचवायचं बटण तिनं परत बंद केलंच नव्हतं. माझी सगळी चादर आतल्या खोलीत ऐकू जात होती. पडद्यावरच्या रेघा सैल पडल्या होत्या. मी बोलत राहिलो, वैरागच्या पोरांनी चादरीवर कशी घसरगुंडी केली ते सांगत राहिलो, आणि बोलता बोलता बघितलं: टाळूच्या रेघेवर एकाएकी लहरींचा एक झुबका उठला. आधी बारीक, मग मधे जाड, मग परत बारीक, आणि संपला. जरा वेळानं परत एक.

‘ह्याला स्पिंडल म्हणत्यात,’ कविता म्हणाली.

‘चाती,’ मी म्हटलं. कांड्या भरायच्या चरख्याला असते ती. सूत भरलेली चाती मी अम्माच्या हातात जन्मभर बघितलेली. दोन्ही टोकांना निमुळती, पोटात फुगलेली.

मग तिनं बोटानं एकेक रेघ दाखवली. टाळूवर आणि जरा मागं या चात्या भरभर फिरतात, सेकंदाला चौदाच्या आसपास लहरी. कपाळाकडच्या सावकाश, बाराच्या आसपास. कानांच्या वरच्या रेघांवर जवळजवळ काहीच नाही. टाळूवर चाती उठते तेव्हा कपाळावर उठेलच असं नाही. कधी दोन्हीकडं, कधी एकाच जागी, बाकीच्या डोक्याला पत्ताही नसतो.

‘म्हणजे सगळं डोकं एकदम झोपत नाही?’

‘झोपतंय की. पन जागजागी ज्याची त्याची चाल.’ तिनं कपाळाची रेघ दाखवली. ‘ही बगा, पुडच्या तुरळक हायत. वय झालं की पुडच्या आदी कमी हुत्यात. मधल्या मातुर आजींच्या अजून झ्याक.’

‘आणि या करतात काय?’

‘दार लावत्यात म्हनं. भाईरचा आवाज आत जाऊ देत न्हाईत. आन दिवसभरातलं काय काय ध्यानात ठिवायचं ते आत लावून ठेवत्यात, असं शिकवलंय आमाला.’

मी पडद्याकडं बघत बसलो. पुढं सावकाश, मधे भरभर, दोन्ही बाजूंना सुताच्या कोठीसारखी शांतता. आणि वय झाल्यावर पुढचा आधी थांबतो. आमच्याकडंही हातमाग आधी थांबला होता; नान्नांचे गुडघे गेले आणि पुढच्या खोलीतली खटाक गेली. मधले लूम पुढं कितीतरी वर्षं चालले. माझ्यासमोर अक्काचं डोकं नव्हतंच, साखर पेठेतलं घर होतं. विकलं, पाडलं, त्यावर दुकानांचे गाळे उठले, आणि ते घर इथं एका वैरागच्या पोरीच्या पडद्यावर चालू होतं.

हे मी डॉक्टरांना मोठ्या ऐटीत सांगितलं. ते म्हणाले, ‘काका, सगळ्यांच्याच डोक्यात हे असंच असतं. सोलापूरचा असो, नसो. पुढं सावकाश, मधे जलद.’

जरा हिरमुसलो. पण घरी येताना वाटलं, बरंच झालं की. म्हणजे ज्यानं आयुष्यात माग बघितला नाही त्याच्याही टाळूवर कुणीतरी त्याच्यासाठी भरभर विणत बसलेलं असतं. अम्मा टाळूवर भरभर आणि कपाळावर सावकाश का थोपटायची, ते मात्र मला ठाऊक आहे. टाळूवर भरभर, कारण तेल ओघळून खाली येतं. कपाळावर सावकाश, कारण डोळ्यांत जातं. याच्यावर मला काही रचता आलं असतं. रचत नाही.

‘यांना शांतता सोसत नाही,’ डॉक्टर म्हणाले होते, ‘काहीतरी एका लयीतला आवाज असू द्या.’ मी तिन्ही पडदे काढले, खिडकी सताड उघडली आणि स्वतःची नेमणूक करून घेतली. मागाच्या आवाजाचं यंत्र मिळतं का ते सरोज मोबाइलमध्ये शोधत होती. मी म्हटलं, घरात मी असताना यंत्र कशाला?

ते गेल्या वर्षीचे उन्हाचे दिवस! एवढे गोड दिवस सोलापुरात एवढ्या गरम हवेत टिकले कसे, नासले कसे नाहीत, याचं मला अजून नवल आहे. दुपारी जेवणं झाली की अक्का फरशीवरच चटई टाकायची, खाट नको म्हणायची. मी एरंडेलाची बाटली आणली. धाकट्या भावानं थोरल्या बहिणीच्या डोक्याला तेल लावायचं ही रीत आमच्यात नाही. पण लावलं. केस विरळ झालेले, टाळू हाताला गरम लागायची, लहान मुलाच्या टाळूसारखी. तळहातानं थपथपथप. मग कपाळावर अंगठा, सावकाश.

‘अम्मासारखं नाही जमत तुला,’ अक्का म्हणाली. मग डोळे मिटून, ‘चालू दे.’

आणि मी चादर पुढं न्यायचो. ‘हं,’ अक्का म्हणायची. हं. हं आणि हं यांच्यातलं अंतर वाढत जायचं, आणि त्या अंतरात मला पडद्याशिवाय दिसायचं, टाळूवर एक चाती फिरून गेली. आता कपाळावर एक, तुरळक, सावकाश, नान्नांची.

सरोज दारातून म्हणायची, ‘तुमच्या बोलण्यानं अक्कांना झोप येते, मला डोकं दुखतं. एकच आवाज, दोन औषधं.’

फक्त एक व्हायचं. लहानपणी गोष्ट सांगता सांगता मीही झोपायचो, कारण माझ्यामागं माग असायचे. आता अक्का झोपली की खोलीत मी एकटा जागा. गप्प झालो की माझ्या अंगावर घरातली सगळी शांतता येऊन बसायची. जो बोलतो त्याला कोण झोपवणार? मी तिच्या उशाशी बसून तिचा श्वास ऐकायचो आणि मला ती समोर असतानाच तिची आठवण यायची.

बोलून बोलून माझा घसा गेला. आधी घोगरा झाला, मग फाटला, मग एक दिवस नुसती हवा यायला लागली. मी तरी हवेनंच चादर ओढत होतो. अक्कानं डोळे उघडले.

‘तम्मुडू, गोष्टीला दम लागतो रे. मागाला लागत नाही.’

‘मला कुठं दम लागलाय?’ मी हवेत म्हटलं.

‘लागलाय.’ अक्का खोटं बोलत नाही. ‘तू किती दिवस बोलशील? व्यंकूला ये म्हटलंय मी.’

व्यंकू आला. मी त्याला तिला न नेण्याची पन्नास कारणं सांगितली, त्यातली अठ्ठेचाळीस बनवलेली. अक्कानं पिशवी भरली, एरंडेलाची बाटली तिच्यात ठेवली, परत काढली, आणि माझ्या खिडकीत ठेवून गेली.

ती बाटली अजून तिथंच आहे. यंदाच्या उन्हानं तेल पातळ झालंय, काचेतून पिवळं दिसतं. पंधरा दिवसांपूर्वी सरोजनं न विचारता थोडं माझ्या टाळूवर घातलं आणि म्हणाली, ‘फोन करा. नुसतं छत बघू नका.’

फोन केला. पलीकडून आधी अक्काचा आवाज आलाच नाही. खटखटखटखट. मी फोन कानाशी आणखी दाबला.

‘जेवलास?’

‘जेवलो. तू झोपली नाहीस?’

‘झोपतेय की. इथं काय, पडलं की झोप.’ मग म्हणाली, ‘ती चादर कुठवर गेली होती?’

‘करमाळ्याच्या अलीकडं.’

‘मग सांग की.’

तेव्हापासून हा नेम झाला. दुपारी जेवण झालं की ती तिकडं चटई टाकते, मी इकडं फरशीवर, कानाशी फोन. चादर रोज थोडी पुढं जाते. करमाळ्याला कमळाभवानीच्या पायरीवर तिनं एक दुपार विसावा घेतला, आणि दर्शनाला आलेल्या लोकांनी तिच्यावर बसून डबे सोडले. नगरच्या अलीकडं तिला एका लग्नात मांडव म्हणून घातलं. मी मुद्दाम हळू चालवतो तिला. माळशेज घाट उतरली की पुढं कल्याण, मग भिवंडी, आणि भिवंडीत पोचली की गोष्ट संपली. मग दुपारी मी काय म्हणून फोन करू?

काल चादर घाटाच्या माथ्यावर उभी होती. वारा खूप, चादर शिडासारखी फुगलेली. मी तिला तिथंच अडकवून ठेवायच्या विचारात होतो. पलीकडून ‘हं’ येत होतं. हं. त्याच्यामागं खटखटखट, एकसारखी, आणि माझं डोकं तेलानं गार. मी म्हटलं, ‘मग वारा असा सुटला, अक्का, की...’ आणि तो वारा कसा सुटला ते मला ठाऊक नाही. डोळे उघडले तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं, फोन गालाखाली होता, आणि सरोज दारात चहा घेऊन हसत होती. कितीतरी वर्षांनी दुपारच्या झोपेतून मला तहान लागून जाग आली होती. माझ्या टाळूवर त्या वेळी काय चाललं होतं ते बघायला कविता नव्हती. पण मला माहीत आहे.

आज दुपारी मी फोन करायच्या आत अक्काचाच आला.

‘काल तू झोपलास,’ ती म्हणाली.

‘छे! मी डोळे मिटून विचार करत होतो.’

‘घोरत होतास. मी ऐकत होते.’ मागं लूम चालू होते. ‘मग म्हटलं, चादर घाटात उगाच वाऱ्यावर कशाला राहील. मीच ओढली पुढं.’

मी उठून बसलो. ‘तू ओढलीस?’

‘घाट उतरवला. कल्याणला गर्दी फार, तिथं थांबवली नाही.’ अक्का हे सगळं आमटी आळणी आहे म्हणाव्या तशाच आवाजात सांगत होती. ‘संध्याकाळी दारात आली. जरा मळलीय. टोक माझ्या पायाखाली धरलंय.’

मी ‘हं’ म्हटलं. साठ वर्षांत पहिल्यांदा.

‘ऐकतोयस ना, तम्मुडू? तू तिकडचं टोक सोडू नको. झोपलास तरी.’